प्रोजेक्टरवर फोटो दाखवण्याआधी : आकाराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्नेहमेळावे, निरोपसमारंभ, प्रवासावरची व्याख्यानं, छायाचित्र मंडळांच्या स्पर्धा अशा कार्यक्रमांसाठी इतरांचे फोटो पडद्यावर दाखवण्याजोगे करून देण्याचं काम मी बरीच वर्षं करत आले आहे. प्रश्न बहुतेक तेच असतात आणि कार्यक्रमाच्या आदल्या रात्री येतात. घाईत दिलेलं उत्तर अर्धवट राहतं, म्हणून इथे सावकाश लिहिलं आहे.

फक्त आकडा हवा असेल तर तो असा : प्रोजेक्टर फुल एचडी असेल तर प्रत्येक फोटो १९२० × १०८० पिक्सेलच्या चौकटीत मावेल इतका लहान करा, रंग एसआरजीबीत (यंत्रं सहसा गृहीत धरतात त्या रंगव्यवस्थेत) ठेवा, जेपेग म्हणून साठवा आणि हे सगळं प्रतींवर करा, मूळ फोटोंवर नाही. हे असं का आणि यात कुठे घोळ होतो, ते पुढे.

फोटो लहान करायचेच कशाला? कॉम्प्युटर आपोआप पडद्याएवढे करून दाखवतोच की.

दाखवतो, पण घाईघाईत. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा ६००० × ४००० पिक्सेलचा फोटो काढतो, म्हणजे २ कोटी ४० लाख पिक्सेल. फुल एचडी पडद्यावर तो पूर्ण दाखवायचा तर १६२० × १०८० एवढी जागा मिळते, म्हणजे जेमतेम साडेसतरा लाख. जवळजवळ चौदा पिक्सेलांतून एक पिक्सेल बनवायचा आहे. हा एक पिक्सेल कसा बनवायचा, यावर फोटोची सगळी नजाकत ठरते. चौदांचा नीट हिशेब करून बनवला तर केसांची बट केसांसारखी दिसते. त्यातले मोजके उचलून बाकीचे सोडून दिले तर तारांच्या कडा दातेरी होतात आणि पाण्यावरच्या लाटा चमचमायला लागतात. स्लाइड शो चालवणाऱ्या प्रोग्रॅमला पुढचा फोटो क्षणात आणायचा असतो, त्यामुळे अनेकदा तो सोपी आणि वेगवान पद्धत वापरतो. तुम्ही आधीच लहान करून ठेवलात तर ते काम निवांत, चांगल्या पद्धतीनं होतं.

दुसरं कारण वेगाचं. फाइल डिस्कवर आठ-दहा एमबीची दिसली, तरी उघडल्यावर २४ मेगापिक्सेलचा फोटो मेमरीत ७२ एमबी जागा घेतो, कारण प्रत्येक पिक्सेलला तीन बाइट लागतात. १९२० × १०८० चा फोटो सव्वासहा एमबीही घेत नाही. एक फोटो विरघळत दुसरा उमटत असताना मध्येच अडखळायला होतं, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. गाण्याच्या ठेक्यावर फोटो बसवले असतील तर तो अडखळा सगळ्यांना जाणवतो.

तिसरं कारण माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं. लहान केल्यावर फोटो थोडा शार्प करावा लागतो, म्हणजे कडांना धार द्यावी लागते, आणि ते आधी लहान केलेल्या फोटोवरच करता येतं. त्याबद्दल खाली वेगळं लिहिलं आहे.

आमच्या प्रोजेक्टरचं रिझोल्यूशन कसं कळेल? खोक्यावर तर फोर-के लिहिलंय.

खोक्यावर विश्वास ठेवू नका, माहितीपत्रकात 'नेटिव्ह रिझोल्यूशन' शोधा. प्रोजेक्टरच्या आत प्रत्यक्ष किती पिक्सेल आहेत ते तिथे लिहिलेलं असतं. 'सपोर्टेड' रिझोल्यूशन म्हणजे एवढा मोठा सिग्नल आला तरी प्रोजेक्टर तो स्वीकारतो आणि आपल्या मापात बसवून घेतो, इतकंच. फोर-के सिग्नल स्वीकारणारे पण आत जेमतेम १२८० × ७२० किंवा १९२० × १०८० पिक्सेल असलेले स्वस्त प्रोजेक्टर खूप आहेत.

नेहमी भेटणारी मापं थोडीच आहेत. जुन्या, चौकोनी पडद्याच्या प्रोजेक्टरचं १०२४ × ७६८, म्हणजे एक्सजीए. त्याहून जुन्यांचं ८०० × ६००. वर्गात आणि बैठकीच्या खोलीत १२८० × ८००, म्हणजे डब्ल्यूएक्सजीए. मग १९२० × १०८० हे फुल एचडी, त्याचाच थोडा उंच भाऊ १९२० × १२००, आणि घरगुती फोर-केचं ३८४० × २१६०. सिनेमागृहातलं फोर-के ४०९६ × २१६० असतं, पण तिथे तुमचा स्लाइड शो लागणार असेल तर तांत्रिक माणूसच तुम्हाला माप सांगेल.

माहितीपत्रक हाताशी नसेल तर लॅपटॉप जोडा आणि डिस्प्ले सेटिंगमध्ये प्रोजेक्टरचा पडदा निवडून कोणत्या रिझोल्यूशनपुढे 'शिफारस केलेलं' असं लिहिलंय ते पाहा. नेहमी खरं निघतंच असं नाही, पण बहुतेकदा निघतं.

कोणता प्रोजेक्टर मिळणार तेच ठाऊक नाही. मग?

१९२० × १०८० धरून चाला. प्रोजेक्टर त्याहून लहान निघाला तरी तिथल्या तिथे थोडंसंच लहान करावं लागतं, त्यात फारसं बिघडत नाही. फोर-के निघाला तर बरोबर दुप्पट मोठं करावं लागतं, तेही खपून जातं. स्पर्धेसाठी देत असाल तर मात्र अंदाज नको. मंडळांचे नियम ठरलेले असतात, काही ठिकाणी अजून १४०० × १०५० किंवा १६०० × १२०० मागतात. नियमात लिहिलंय तेवढंच, एक पिक्सेलही जास्त नाही.

'चौकटीत मावेल इतका' म्हणजे नक्की काय? प्रत्येक फोटो १९२० × १०८० चा करायचा नाही का?

नाही, आणि सगळ्यांत जास्त फोटो इथेच बिघडतात.

पडदा १६:९ असतो. कॅमेऱ्याचा फोटो बहुधा ३:२ आणि फोनचा ४:३. ही तीन वेगवेगळ्या आकारांची भांडी आहेत. ३:२ च्या फोटोला जबरदस्तीनं १९२० × १०८० केलं की तो आडवा ताणला जातो : माणसं रुंद होतात, चंद्र अंडाकृती होतो. आपल्या फोटोत आपण जाड का दिसतोय हे लोकांना सांगता येत नाही, पण खटकतं नक्की. त्यामुळे रुंदी आणि उंचीला जोडणारी साखळीची खूण किंवा 'प्रमाण राखा' हा पर्याय कधीही काढू नका.

चौकटीत बसवणं म्हणजे रुंदी १९२० च्या वर जाऊ द्यायची नाही आणि उंची १०८० च्या वर जाऊ द्यायची नाही. दोन्हींपैकी जी मर्यादा आधी लागेल तिथे थांबायचं. मग ३:२ चा आडवा फोटो १६२० × १०८० होतो आणि पडद्याचा ८४ टक्के भाग व्यापतो. ४:३ चा १४४० × १०८० होतो, ७५ टक्के. उरलेली जागा डाव्या-उजव्या बाजूला काळी राहते. अंधाऱ्या सभागृहात ती काळी पट्टी कुणाच्या लक्षातही येत नाही, म्हणून मागची पार्श्वभूमी काळीच ठेवा. पांढरी ठेवलीत तर डोळे दिपतात आणि फोटो मलूल दिसतो.

पडदा पूर्ण भरायचाच असेल तर कापावं लागेल. ३:२ चा फोटो १६:९ करताना उंचीतला साधारण १५.६ टक्के भाग जातो, ४:३ चा करताना बरोबर २५ टक्के. निसर्गदृश्यात आकाश थोडं कमी झालं तर चालतं. माणसांच्या गटात पाव उंची गेली की वर कुणाचं तरी कपाळ जातं किंवा खाली पुढे बसलेल्या मुलांचे हात जातात. म्हणून कापायचं ते एकेका फोटोकडे पाहून, हातानं. 'सगळे फोटो पडदाभर करा' असं बटण दाबून दोनशे फोटो एकदम कापणं मला मान्य नाही. फोटो काढणाऱ्यानं चौकट विचार करून धरलेली असते, आणि फोटोतल्या माणसाला आपलं डोकं पूर्ण हवं असतं.

उभे फोटो फारच लहान दिसतात. काय करावं?

दिसणारच. २:३ चा उभा फोटो १०८० उंचीत बसवला की त्याची रुंदी ७२० होते, म्हणजे पडद्याचा ३७.५ टक्के भाग. आडव्या फोटोच्या निम्म्याहूनही कमी. यावर जादू नाही. चेहरा असेल आणि वर-खाली मोकळी जागा असेल तर थोडा कापून ४:५ करा, मग ८६४ × १०८० मिळतात. एकाच प्रसंगाचे दोन उभे फोटो शेजारी शेजारी ठेवले तर फार छान दिसतात, ७२० आणि ७२० मिळून १४४० होतात आणि मध्ये काळी फट ठेवायलाही जागा उरते. उभ्या फोटोच्या मागे त्याचाच धूसर, मोठा केलेला फोटो घालायची पद्धत हल्ली सगळीकडे दिसते. मला ती आवडत नाही. नजर उगाच मागे भिरभिरते.

याहून मोठा धोका वेगळा आहे. पुष्कळ प्रोग्रॅमांत 'लांब बाजू १९२० करा' असा पर्याय असतो आणि तोच सोयीचा वाटतो. आडव्या फोटोंना तो बऱ्यापैकी चालतो. उभ्या फोटोंची लांब बाजू म्हणजे उंची, ती १९२० होते आणि पडद्याला लागतात फक्त १०८०. मग दाखवताना पुन्हा लहान करणं आलंच, म्हणजे आपण केलेली मेहनत वाया. लाइटरूम क्लासिकच्या एक्सपोर्टमध्ये म्हणूनच 'विड्थ अँड हाइट' निवडा. 'लाँग एज' नको आणि 'डायमेन्शन्स'ही नको, कारण 'डायमेन्शन्स' मोठा आकडा आपोआप लांब बाजूला लावतो.

फोटो ७२ डीपीआय ठेवायचा की ३००?

काहीही ठेवा, पडद्यावर तसूभर फरक पडत नाही.

डीपीआयचा आकडा कागदावर छापताना एका इंचात किती पिक्सेल बसवायचे ते सांगतो. प्रोजेक्टरला इंच ठाऊकच नसतात. तोच प्रोजेक्टर पडद्यापासून मागे सरकवला की चित्र मोठं होतं, मग इंच कुठले धरणार? १६२० × १०८० पिक्सेलच्या फोटोवर ७२ लिहा, ३०० लिहा, पडद्यावर तो तंतोतंत तसाच दिसतो. ७२ हा आकडा रुजला तो १९८४ च्या पहिल्या मॅकिंटॉशमुळे. त्याच्या पडद्यावर इंचाला ७२ पिक्सेल होते, छपाईतल्या पॉइंटच्या मापाशी जुळणारे. तो पडदा गेला, आकडा मागे राहिला.

एक सावधगिरी मात्र हवी. फोटोशॉपच्या 'इमेज साइझ' खिडकीत 'रीसँपल'ची खूण चालू असताना ३०० चे ७२ केलेत तर पिक्सेल खरोखरच कमी होतात. त्या खिडकीत फक्त पिक्सेलचे आकडे बघा.

दोनशे फोटो एकदम कशानं लहान करू?

आधी सगळ्या निवडलेल्या फोटोंची प्रत नव्या फोल्डरमध्ये करा आणि काम तिथेच करा. हे मी पुन्हा सांगतेय, कारण मूळ फोटोंवर लहान फोटो साठवले गेले की ते परत येत नाहीत. माझ्या एका मैत्रिणीनं एका अख्ख्या प्रवासाचे फोटो असे गमावलेत, तिच्याकडे आज त्यांतले फक्त १०२४ पिक्सेलचे उरलेत.

विंडोजवर इरफानव्ह्यू फुकट मिळतं. ते उघडून बी हे अक्षर दाबलं की सगळ्या फाइलींवर एकदम काम करायची खिडकी येते. तिथे प्रगत पर्यायांत रुंदी १९२०, उंची १०८० घालायची, प्रमाण राखायची खूण करायची आणि लहान फोटो मोठे न करण्याची खूणही करायची. मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइजमध्ये 'इमेज रिसायझर' आहे. त्यात फाइली निवडून उजवं बटण दाबलं की काम होतं, पण 'फोटोची दिशा दुर्लक्षित करा' ही खूण काढून टाका, नाहीतर उभ्या फोटोंना वर सांगितलेलाच त्रास होतो. मॅकवर प्रिव्ह्यूमध्ये सगळे फोटो एकत्र उघडून 'टूल्स'मधल्या 'अ‍ॅडजस्ट साइझ'नं करता येतं. प्रिव्ह्यू त्याच फाइलीत बदल साठवतो, म्हणून प्रतींचा नियम तिथे दुपटीनं लागू.

फोटोशॉप असेल तर 'फाइल', मग 'स्क्रिप्ट्स', मग 'इमेज प्रोसेसर'. माप, जेपेगचा दर्जा आणि एसआरजीबीत रूपांतर, तिन्ही एकाच खिडकीत. फक्त एकच फोटो बसवायचा असेल तर 'ऑटोमेट'मधलं 'फिट इमेज' जास्त सुटसुटीत आहे.

लहान करण्याच्या पद्धतींची यादी येते : बायक्यूबिक, लँक्झोस, बायलिनिअर... काय निवडू?

लँक्झोस किंवा बायक्यूबिक. फोटोशॉपमध्ये लहान करताना 'बायक्यूबिक शार्पर'. 'निअरेस्ट नेबर' कधीही नको, तो हिशेब न करता सरळ जवळचा पिक्सेल उचलतो.

पद्धत कितीही चांगली असली तरी बारीक रेघांचं कापड, लोखंडी जाळी, दूरची कौलं, विटांची भिंत यांवर लहान करताना कधी कधी लाटांसारखी नक्षी उमटते. मूळ फोटोतल्या रेघा नव्या पिक्सेलांच्या जाळीपेक्षा बारीक झाल्या की असं होतं. असा फोटो दिसला तर लहान करण्याआधी फक्त त्या भागावर हलकासा ब्लर द्या. एका पट्ट्यापट्ट्यांच्या शर्टासाठी मी अर्धा तास घालवला आहे आणि तो वाया गेला असं मला वाटत नाही, कारण त्या फोटोत दुसरं पाहण्यासारखं काही उरलंच नव्हतं, सगळ्यांची नजर शर्टावर जात होती.

काळ्या आकाशातले तारे, लांबचे दिवे असे ठिपके लहान केल्यावर विझल्यासारखे होतात. ठिपका शेजारच्या काळ्यात मिसळला जातो आणि फोटोतले आकडे डोळ्यांच्या सोयीनं दाबून साठवलेले असल्यामुळे बहुतेक प्रोग्रॅमांचा तो हिशेब थोडा गडदाकडे झुकतो. अशा फोटोंत उजळ भाग नंतर किंचित वाढवून घ्या.

शार्प कधी करायचं आणि किती?

सगळ्यांत शेवटी, लहान करून झाल्यावर. लहान करताना शेजारचे पिक्सेल एकमेकांत मिसळतात, त्यामुळे फोटो थोडा मऊ होतोच. आधी शार्प केलं असेल तर ती धार त्या मिसळण्यात निघून जाते.

फोटोशॉपमधल्या 'अनशार्प मास्क'मध्ये मी रेडियस ०.३ ते ०.५ पिक्सेल आणि अमाउंट ८० ते १२० यांच्या मध्ये ठेवते. लाइटरूममध्ये एक्सपोर्टच्या वेळी 'स्क्रीन'साठी 'स्टँडर्ड' पुरतं. फोटो १०० टक्के आकारात पाहा. कडेला पांढरी रेघ दिसायला लागली की जास्त झालं. लॅपटॉपवर जी रेघ केसाएवढी दिसते ती दोन मीटरच्या पडद्यावर एक मिलिमीटरहून जाड होते. म्हाताऱ्या माणसांच्या आणि तान्ह्या बाळांच्या चेहऱ्यांवर हात आखडता घ्या.

लॅपटॉपवर रंग छान दिसतात, पडद्यावर फिके. आकाराचा संबंध आहे का?

आकाराचा नाही, पण त्याच टप्प्यावर सांभाळायचं असतं. कॅमेरा अ‍ॅडोबी आरजीबी या रंगव्यवस्थेवर ठेवला असेल, किंवा फोन अलीकडचा असेल (आयफोन २०१६ पासून डिस्प्ले पी-थ्री या जास्त विस्तृत रंगव्यवस्थेत फोटो काढतात), तर ते आकडे समजून न घेणारा प्रोग्रॅम फोटो मलूल दाखवतो. लहान करतानाच सगळे फोटो एसआरजीबीत बदला. ही रंगव्यवस्था १९९६ मध्ये ह्युलेट-पॅकार्ड आणि मायक्रोसॉफ्टनं मांडली, १९९९ मध्ये ती आंतरराष्ट्रीय मानक झाली, आणि कुठलंही यंत्र काही सांगितलं नाही तर हीच धरून चालतं. 'बदला' म्हणजे 'कन्व्हर्ट'. 'असाइन' केलंत तर रंग आणखी बिघडतील.

बाकीचा फिकेपणा खोलीतल्या उजेडाचा असतो. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही, पडद्यावरचा काळा म्हणजे उजेड न पडलेला पडदा. खोलीत जितका उजेड, तितकाच तुमचा काळा करडा. त्यासाठी फोटो बदलण्यापेक्षा पडदे ओढा. अगदी गडद फोटोंत सावल्या थोड्या उजळून घेतल्या तर बरं.

जेपेग की पीएनजी?

फोटोंना जेपेग, दर्जा ८५ ते ९०. फोटोशॉपच्या बाराच्या पट्टीवर १०. जेपेग चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन पाडून माहिती दाबतो, दर्जा फार खाली नेला की ते चौकोन आकाशात आणि गालांवर दिसायला लागतात. १९२० पिक्सेलचा फोटो साधारण अर्धा ते दीड एमबीचा होतो, दोनशे फोटो कुठल्याही पेनड्राइव्हवर मावतात. पीएनजी फक्त अक्षरांच्या पाट्यांसाठी वापरा. जेपेग रंगाची माहिती जास्त दाबतो, त्यामुळे काळ्यावर लाल अक्षरं लिहिली की कडा पाघळतात.

फोनचे एचआयसी फोटो असतील तर तेही जेपेगमध्ये बदला, सगळी यंत्रं ते उघडत नाहीत. पेनड्राइव्ह थेट प्रोजेक्टरला लावणार असाल तर 'प्रोग्रेसिव्ह' जेपेग नको, साधा 'बेसलाइन' ठेवा.

पॉवरपॉइंटमध्ये घालणार आहे. तिथे वेगळं काही?

दोन गोष्टी. पहिली, स्लाइडचं माप. जुनी फाइल ४:३ ची असेल आणि पडदा १६:९ चा, तर चारही बाजूंनी काळं दिसतं आणि फोटो बेटासारखा मधोमध राहतो. 'डिझाइन'मध्ये 'स्लाइड साइझ' आधी ठरवा, फोटो नंतर घाला.

दुसरी, पॉवरपॉइंट फाइल साठवताना फोटो स्वतःहून दाबतो. बऱ्याच आवृत्त्यांत ही मर्यादा इंचाला २२० पिक्सेल असते. रुंद स्लाइड १३.३३ इंचांची धरलेली असते, म्हणजे पूर्ण रुंदीच्या फोटोला २९३३ पिक्सेल मिळतात आणि फुल एचडीसाठी ते भरपूर झाले. पण कुणी 'फाइल फार मोठी झाली' म्हणून 'ई-मेल'चा ९६ चा पर्याय निवडला की उरतात १२८०. शिवाय तुम्ही नीट शार्प केलेला फोटो तो परत दाबतो, ते वेगळंच. 'ऑप्शन्स'मधल्या 'अ‍ॅडव्हान्स्ड'मध्ये 'फाइलमधल्या प्रतिमा दाबू नका' अशी खूण असते, ती करून टाका. ती त्या त्या फाइलपुरतीच असते, म्हणून नवी फाइल केलीत तर पुन्हा करा.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले फोटो चालतील?

चालवून घ्यावे लागतात. नेहमीच्या पद्धतीनं पाठवलेल्या फोटोची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेल उरते. फुल एचडीला ते जवळजवळ पुरतात, पण दाबलेले असल्यामुळे केस आणि गवत चिखलासारखं दिसतं. पाठवणाऱ्याला विनंती करा की फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठव, तसा पाठवला की मूळ फाइल जशीच्या तशी येते. विनंती कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी करा.

८०० × ६०० चा एकच जुना फोटो आहे आणि तो घालायलाच हवा.

घाला. पूर्ण उंचीचा केलात तर १.८ पट मोठा करावा लागेल, मऊ दिसेल पण ओळखता येईल. दीड पटीपर्यंत मी निर्धास्तपणे मोठा करते. ३००-४०० पिक्सेलचा असेल तर मधोमध, मोठ्या काळ्या समासात ठेवते. लहान आणि स्पष्ट फोटो मोठ्या आणि विस्कटलेल्या फोटोपेक्षा डोळ्यांना बरा वाटतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेनं फोटो मोठा करून देणारी साधनं आता सहज मिळतात. झाडं, इमारती यांना ती वापरून पाहा. लहान, धूसर चेहऱ्यांना मात्र नको. नसलेले तपशील ती कल्पनेनं भरतात, आणि पडद्यावर येतो तो दुसऱ्याच कुणाचा तरी नीटनेटका चेहरा. गेलेल्या माणसाचा फोटो असेल तर घरच्यांना ते ताबडतोब जाणवतं. धूसर असू दे, पण तोच चेहरा असू दे.

जुने कागदी फोटो आणि फिल्मच्या स्लाइड किती डीपीआयवर स्कॅन करू?

इथे डीपीआयला खरा अर्थ आहे, कारण मोजायला खराखुरा कागद आहे. ६ × ४ इंचांचा फोटो ३०० वर स्कॅन केला की १८०० × १२०० पिक्सेल मिळतात, फुल एचडीला पुरेसे. ३५ × ४५ मिलिमीटरचा ओळखपत्रावरचा फोटो ६०० वर करा, उंची साधारण १०६३ येते.

फिल्मच्या स्लाइडवरचं चित्र ३६ × २४ मिलिमीटरचं. पडद्यापुरतं पाहिलं तर १२०० डीपीआयवर उंची ११३४ पिक्सेल येते आणि काम भागतं. पण कृपा करून १२०० वर थांबू नका. कोडॅकनं स्लाइड प्रोजेक्टर बनवणं २००४ मध्ये थांबवलं, आणि रंगीत फिल्मचे रंग दरवर्षी थोडे थोडे उडत असतात. एकदा डबा उघडून बसलाच आहात तर ४००० वर स्कॅन करा, साधारण ५६७० × ३७८० ची प्रत कायमची ठेवा आणि पडद्यासाठी त्यातून लहान प्रत काढा. तो डबा पुन्हा उघडायला सहसा कुणाला वेळ मिळत नाही.

फोटोवर हळूहळू झूम होत जाणारा परिणाम हवा आहे.

मग त्या फोटोंना १९२० पुरत नाहीत. सव्वा पट झूम करायचा तर २४०० × १३५० च्या चौकटीत बसवा, दीड पट असेल तर २८८० × १६२०. आडव्या लांबलचक पॅनोरमालाही हेच : स्थिर दाखवायचा तर रुंदी १९२०, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकवायचा तर उंची १०८० ठेवा आणि रुंदी येईल तेवढी येऊ द्या. ज्यांवर झूम नाही ते फोटो नेहमीच्याच मापात ठेवा.

उभे फोटो पडद्यावर आडवे पडतात. क्रमही बिघडतो.

कॅमेरा आडवा धरला की उभा, हे फोटोच्या आत एका आकड्यात लिहिलेलं असतं आणि चित्राचे पिक्सेल तसेच राहतात. लॅपटॉप तो आकडा वाचतो, काही प्रोजेक्टर वाचत नाहीत. लहान करताना प्रोग्रॅमला पिक्सेलच फिरवायला सांगा, मग प्रश्नच मिटतो.

क्रमासाठी नावं ००१, ००२, ००३ अशी द्या. १, २, १० अशी दिलीत तर काही यंत्रं १ नंतर थेट १० दाखवतात. मध्ये एखादा फोटो घालावा लागेल असं वाटत असेल तर दहा-दहाच्या अंतरानं द्या : ०१०, ०२०, ०३०.

सगळं नीट केलं तरी पडद्यावर फोटो मऊच दिसतो.

मग फोटोला सोडा आणि साखळी तपासा. त्यासाठी मी एक चाचणीचा फोटो कायम जवळ ठेवते. १९२० × १०८० चं काळं चित्र, अगदी कडेला एक पिक्सेलची पांढरी चौकट आणि मध्ये एक पिक्सेल काळा, एक पांढरा अशा उभ्या रेघांचा ठोकळा. हे पीएनजीत साठवा आणि प्रोजेक्टरवर पडदाभर दाखवा.

पांढऱ्या चौकटीची एखादी बाजू दिसत नसेल तर प्रोजेक्टर कडा कापतोय. एचडीएमआयवर टीव्हीची जुनी सवय म्हणून काही यंत्रं असं करतात, मेनूत 'ओव्हरस्कॅन' शोधून बंद करा. रेघांचा ठोकळा सपाट करडा किंवा लाटालाटांचा दिसत असेल तर मध्ये कुठेतरी चित्र पुन्हा लहान-मोठं केलं जातंय. पहिला संशय लॅपटॉपवर घ्या : विंडोजची कळ आणि पी दाबून 'डुप्लिकेट'ऐवजी 'एक्स्टेंड' करा, कारण डुप्लिकेटमध्ये दोन्ही पडद्यांना जमेल असं एकच रिझोल्यूशन निवडलं जातं आणि ते बरेचदा प्रोजेक्टरचं नसतं. दुसरा संशय कीस्टोनवर. प्रोजेक्टर तिरका ठेवून चित्राचा झालेला समलंब चौकोन कीस्टोननं सरळ केला की काही पिक्सेल वापराबाहेर जातात आणि उरलेल्यांत सगळं चित्र कोंबलं जातं. टेबल हलवा, खाली वह्या ठेवा, पण प्रोजेक्टर पडद्यासमोर सरळ येईल असं करा आणि कीस्टोन शून्यावर आणा. एवढ्या एका गोष्टीनं जो फरक पडतो तो कुठल्याही शार्पनिंगनं पडत नाही.

आणि लेन्सचा फोकस. चित्राच्या मधोमध नाही, मध्य आणि कोपरा यांच्या अधेमधे पाहून लावा. यंत्र पंधरा-वीस मिनिटं तापल्यावर पुन्हा एकदा बघा.

मग फोर-केसाठी सगळं पुन्हा करायचं का?

बसणारे किती लांब आहेत ते पाहा. दोन मीटर रुंद पडद्यावर फुल एचडीचा एक पिक्सेल १.०४ मिलिमीटरचा होतो. निरोगी डोळा एका अंशाच्या साठाव्या भागापर्यंतचा तपशील वेगळा ओळखतो, त्या हिशेबानं साडेतीन मीटरच्या पलीकडे हे पिक्सेल सुटे दिसत नाहीत. पहिली रांग त्याहून मागे असेल तर फोर-केचा फायदा जवळपास कुणालाच दिसणार नाही. तोच पडदा १०२४ पिक्सेलच्या जुन्या यंत्रावर असेल तर पावणेसात मीटरपर्यंत पिक्सेल जाणवू शकतात, तिथे मात्र चांगल्या प्रोजेक्टरचा आग्रह धरा. मोठा पडदा आणि जवळ बसणारे लोक असतील, प्रोजेक्टरही खराखुरा फोर-के असेल, तर ३८४० × २१६० च्या चौकटीत वेगळ्या प्रती काढा. मूळ फोटो जपून ठेवले असतील तर हे पाच मिनिटांचं काम आहे.

कार्यक्रम सुरू व्हायला दहा मिनिटं आहेत आणि कुणीतरी आणखी पाच फोटो आणून दिले.

पाचही तसेच फोल्डरमध्ये टाका, नावं द्या आणि प्रत्येक एकदा पडद्यावर उघडून सरळ उभा आहे ना एवढं पाहा. मोठ्या फाइलींमुळे पाच ठिकाणी क्षणभर थांबेल, चालेल. ज्यानं ते शेवटच्या क्षणी शोधून आणले त्याला ते पडद्यावर पाहायचे आहेत.